ब्रायंटला बसवायचं की खेळवायचं? चाहत्यांचं भांडण आणि इतिहासाची साधनं

१३ एप्रिल २०१६ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये कोबी ब्रायंट शेवटचा सामना खेळला. (उच्चार कोबीच आहे. भाजीशी संबंध नाही.) वय ३७, विसावा हंगाम, आणि वीसही हंगाम एकाच संघाकडून, म्हणजे लेकर्सकडून. त्या रात्री त्याने ५० वेळा बास्केटकडे चेंडू फेकला, २२ वेळा तो आत गेला, आणि एकट्याच्या नावावर ६० गुण लागले. त्यातले २३ शेवटच्या बारा मिनिटांतले. लेकर्सने युटा जॅझला १०१-९६ असं हरवलं.

आता गंमत बघा. हा सामना झाला नसता तर आधीच्या अडीच वर्षांचा इतिहास आपण वेगळा लिहिला असता. म्हातारा होत चाललेला खेळाडू, फुगलेला पगार, सलग तीन वर्षं रसातळाला जाणारा संघ आणि आपसात भांडणारे चाहते, अशी ती गोष्ट झाली असती. सामना झाला आणि तीच गोष्ट ‘अखेर सार्थक झालं’ अशी सांगितली जाऊ लागली. मधल्या काळातलं एकही तथ्य बदललं नव्हतं.

संशोधन प्रस्तावाची तयारी करणारे बरेच जण विचारतात की इतक्या अलीकडच्या, तेही खेळावरच्या वादातून इतिहासाचं काय शिकायचं? माझं म्हणणं असं, की शेवट माहीत असताना साधनं वाचणं किती धोक्याचं असतं हे समजून घ्यायला याहून सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. म्हणून आपण ती ६० गुणांची रात्र बाजूला ठेवू आणि सुरुवात एका करारापासून करू.

२५ नोव्हेंबर २०१३. लेकर्सने ब्रायंटचा करार दोन वर्षांनी वाढवला, रक्कम ४ कोटी ८५ लाख डॉलर. त्याच वर्षी १२ एप्रिलला गोल्डन स्टेटविरुद्ध खेळताना त्याचा अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची जाड शीर, तुटली होती. तशा पायावर उभं राहून त्याने दोन फ्री थ्रो मारले, दोन्ही आत घातले आणि मग मैदान सोडलं. हे दृश्य चाहत्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. पण करारावर सही झाली तेव्हा तो त्या दुखापतीनंतर एकही सामना खेळलेला नव्हता! परतला ८ डिसेंबरला. सहा सामने खेळला आणि गुडघ्याचं हाड मोडून पुन्हा बाहेर गेला.

इथेच वादाला तोंड फुटलं. आणि हा वाद ‘तो महान की नाही’ असा कधीच नव्हता, हे आधी लक्षात घ्या. पाच विजेतेपदं (२०००, २००१, २००२, २००९, २०१०) मिळवून देणाऱ्याच्या मोठेपणाबद्दल लेकर्सच्या चाहत्यांमध्ये दुमत नव्हतं. भांडण होतं ते हिशोबाचं.

हा हिशोब समजण्यासाठी ‘सॅलरी कॅप’ समजून घ्यावी लागते. एनबीएमध्ये १९८४-८५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. पहिल्या वर्षी ती ३६ लाख डॉलर होती. २०१४-१५ मध्ये ६ कोटी ३० लाखांच्या आसपास. मर्यादा लवचीक आहे, स्वतःचा जुना खेळाडू टिकवायला ती ओलांडता येते. पण बाहेरचा मोठा खेळाडू आणायचा तर खात्यात मोकळी जागा लागते. २०१४-१५ मध्ये ब्रायंटचा पगार होता २ कोटी ३५ लाख, म्हणजे मर्यादेच्या सुमारे ३७ टक्के. उरलेल्यात बाकीचा संघ बांधायचा. साहजिकच चाहता टाळ्या वाजवता वाजवता मुनीमजीही झाला. टिम डंकन ब्रायंटपेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो सॅन अँटोनियोत वर्षाला सुमारे एक कोटीवर खेळत होता आणि जून २०१४ मध्ये विजेतेपद घेऊन गेला. पुढच्याच महिन्यात डॅलसच्या डर्क नोवित्स्कीने तीन वर्षांसाठी अडीच कोटी घेतले. ‘संघावर प्रेम असेल तर पगार कमी कर’ हा युक्तिवाद त्यातून तयार झाला.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद मला जास्त भक्कम वाटतो, पण तो उभा करायला थोडं मागे जावं लागतं. १९९९ च्या करारापासून एनबीएत एका खेळाडूच्या पगारावरही कमाल मर्यादा आली. म्हणजे ऐन भरातल्या वर्षांत ब्रायंटने संघाला जे मिळवून दिलं त्याची पूर्ण किंमत त्याला मिळूच शकत नव्हती. २०११ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली आणि खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा ५७ टक्क्यांवरून निम्म्याच्या आसपास आणला. आणि संघाची किंमत? ‘फोर्ब्स’च्या अंदाजानुसार २०१४ च्या सुरुवातीला लेकर्सचं मोल १ अब्ज ३५ कोटी डॉलर होतं, २०१६ मध्ये २ अब्ज ७० कोटी. संघ हरत होता आणि मालकांची मालमत्ता दुप्पट होत होती! त्यागाची अपेक्षा मात्र खेळाडूकडून. हा प्रश्न विचारणारे चाहते संख्येने किती होते ते सोडा, पण त्यांनी भांडणाची चौकटच बदलली. संशोधनात असे आवाज शोधायचे असतात, दिलेल्या दोन बाजूंपैकी एक निवडण्याऐवजी प्रश्नच पुन्हा मांडणारे.

इथे आपल्याला एक तुलना सुचणं अगदी स्वाभाविक आहे. ब्रायंटच्या कराराच्या नऊच दिवस आधी, १६ नोव्हेंबर २०१३ ला, वानखेडेवर सचिन तेंडुलकरचा शेवटचा कसोटी सामना संपला होता. त्याआधीची दोन वर्षं आपल्याकडेही ‘आता थांबावं की नाही’ हे घरोघरी चाललं होतं. तुलना मोहात पाडणारी आहे, पण जपून. भारतीय कसोटी संघात सॅलरी कॅप नव्हती. तेंडुलकरने अडवली तर एक जागा अडवली असती. ब्रायंट एका जागेबरोबर तिजोरीचा तिसरा हिस्साही घेऊन बसला होता. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन वादांखालची अर्थव्यवस्था वेगळी असेल, तर भावना सारख्या असूनही वाद एकच नसतो. तुलनात्मक अभ्यास करणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावं.

तुलना करायचीच तर त्याच संघात, त्याच शहरात करू. लेकर्सच्या चाहत्यांकडे आधीची एक आठवण शिल्लक होती: करीम अब्दुल-जब्बार. २७ मे १९८५ ला अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात बोस्टनने लेकर्सला १४८-११४ असं धुतलं. ३८ वर्षांच्या करीमचे गुण १२ आणि रीबाउंड फक्त ३. म्हातारा संपला, असं म्हणायला लोक मोकळे झाले. पुढच्या सामन्यात त्याने ३० गुण आणि १७ रीबाउंड घेतले, लेकर्स मालिका जिंकले आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला करीमच. पण तोच करीम १९८८-८९ मध्ये वयाच्या बेचाळिशीत, सामन्यामागे जेमतेम १० गुणांवर खेळत राहिला. तो हंगाम म्हणजे गावोगावचा निरोप समारंभच होता, आणि ‘आधीच थांबायला हवं होतं’ म्हणणारेही होते.

म्हणजे एकाच माणसाच्या आठवणीतून दोन उलटे धडे निघत होते. ‘म्हाताऱ्यावर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्याला १९८५ होतं, ‘वेळेवर थांबवा’ म्हणणाऱ्याला १९८९ होतं. इतिहास शिकवतो वगैरे आपण म्हणतो तेव्हा तो कुणाला, कुठल्या वर्षापुरता शिकवतो हेही विचारायला हवं.

करीमच्या त्या शेवटच्या हंगामात लेकर्सकडून खेळणारा एक गार्ड होता बायरन स्कॉट. हाच स्कॉट १९९६-९७ मध्ये, स्वतः म्हातारा होऊन लेकर्सकडे परतला, तेव्हा अठरा वर्षांचा ब्रायंट त्याचा नवखा सहकारी होता. आणि २०१४ मध्ये लेकर्सने प्रशिक्षक नेमला तो हाच. डिसेंबर २०१५ मध्ये त्याने डी’अँजेलो रसेल (वय १९, ड्राफ्टमधली दुसरी निवड) आणि ज्युलियस रँडल या दोन तरुणांना सुरुवातीच्या पाचातून काढून बाकावर बसवलं. ब्रायंट मात्र सुरुवातीच्या पाचात कायम. चाहत्यांचा एक गट भयंकर चिडला, कारण त्यांच्या मते हरायचंच असेल तर निदान पोरांना शिकवून तरी हरा. स्कॉटने हे का केलं याचा थेट पुरावा म्हणून मी त्याची जुनी कारकीर्द देणार नाही. पण ज्याने करीमचा निरोप आतून पाहिला आणि ब्रायंटला पोरसवदा पाहिलं, त्याला ज्येष्ठाचा मान ही संघाची रीत वाटली असेल, तर नवल नाही. प्रबंधात हे वाक्य लिहायचं झालं तर ‘असावं’ हे क्रियापद विसरू नका.

आता याच संघातला दुसरा म्हातारा. स्टीव्ह नॅश २०१२ मध्ये फिनिक्सहून आला, वय ३८. दोनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, पण ते फिनिक्समध्ये. लेकर्सकडे आल्यावर दुसऱ्याच सामन्यात पाय मोडला, मग पाठ गेली. २०१३-१४ मध्ये तो १५ सामने खेळला, त्यानंतर एकही नाही. पैसे हवेत म्हणून निवृत्त होत नाही, हे तो एका माहितीपटात सरळ बोलून गेला आणि चाहते संतापले. पगार ब्रायंटच्या निम्म्याहूनही कमी, बोलणं प्रामाणिक, दुखापत तितकीच खरी. तरी राग त्याच्यावर जास्त धारदार होता. का? लेकर्सच्या चाहत्यांना नॅशचं काहीच देणं लागत नव्हतं. त्याचं पुण्य दुसऱ्या गावी जमा होतं.

माझ्या मते संपूर्ण वादाची किल्ली इथे आहे. चाहते कामगिरी आणि पगार यांचं गणित मांडत होते असं ते स्वतः म्हणत, पण गणितच असतं तर नॅश आणि ब्रायंट एकाच तराजूत तोलले गेले असते. तसं झालं नाही. ब्रायंटच्या पगारात चाहत्यांच्या लेखी थकबाकी होती. जुन्या श्रमाचा मोबदला आता, उशिरा, भविष्याच्या खात्यातून द्यायचा की नाही, हा खरा प्रश्न होता. गिरणी असो वा विद्यापीठ, ज्येष्ठतेवरचे वाद थोडे खरवडले की बहुतेक वेळा खाली हाच प्रश्न निघतो.

नॅशच्या येण्याने आणखी एक गुंता केला होता. त्याच्या बदल्यात लेकर्सने भविष्यातल्या ड्राफ्ट निवडी देऊन टाकल्या होत्या. त्यातली २०१५ ची निवड पहिल्या पाचात आली तरच लेकर्सकडे राहणार होती, नाहीतर फिलाडेल्फियाला जाणार. पुढच्या वर्षी तीच अट पहिल्या तीनाची झाली. एनबीएत हरणाऱ्या संघांना लॉटरीत चांगली निवड मिळण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे जिंकणं तोट्याचं! २०१३-१४ मध्ये २७ विजय, नंतर २१, नंतर १७. प्रत्येक वर्षी आधीच्यापेक्षा वाईट, आणि चाहत्यांमधला एक मोठा वर्ग मनातून, काही तर उघडच, हरण्याची प्रार्थना करत होता.

या वर्गाला ब्रायंटचं काय करावं कळेना. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वाधिक हुकलेल्या शॉट्सचा जॉन हॅव्हलिचेकचा विक्रम त्याने मोडला आणि महिन्याभरात मायकेल जॉर्डनच्या एकूण गुणांनाही मागे टाकलं. पाठोपाठ आलेले हे दोन विक्रम म्हणजे जवळजवळ या वादाचं चित्रच. २३ डिसेंबर २०१४ ला त्याला विश्रांती दिली, तर लेकर्सने २६ पैकी २३ सामने जिंकून आलेल्या गोल्डन स्टेटला ११५-१०५ असं हरवलं. ‘बघा, त्याच्याशिवाय संघ बरा खेळतो’ असं टीकाकार म्हणाले. मग हरू इच्छिणाऱ्यांनी तर त्याला रोज खेळवायला हवं होतं! काहींनी थट्टेत तसं म्हटलंही. एकाच तथ्यावरून उलटसुलट निष्कर्ष निघत असतील तर तथ्यापेक्षा निष्कर्ष काढणाऱ्याचं उद्दिष्ट तपासा, हे शोधपद्धतीच्या वर्गात ऐकलेलं वाक्य इथे पक्कं पटतं.

सगळ्यात झपाट्याने वाद बदलला तो २९ नोव्हेंबर २०१५ ला. ब्रायंटने एक कविता प्रसिद्ध करून हा आपला शेवटचा हंगाम असल्याचं जाहीर केलं आणि त्या संध्याकाळी स्टेपल्स सेंटरमध्ये आलेल्या प्रेक्षकांना त्याचं एक पत्रही मिळालं. सामन्यात त्याने २० पैकी ४ शॉट घातले आणि संघ हरला. दोनच दिवसांनी तो फिलाडेल्फियात होता, म्हणजे त्याच्या जन्मगावी. तिथे २००२ च्या ऑल-स्टार सामन्यात त्याची हुर्यो उडवली होती. आता तेच शहर उठून टाळ्या वाजवत होतं. फिलाडेल्फिया त्या हंगामातले सगळे १८ सामने हरून बसलं होतं, पहिला विजय त्यांना त्या रात्री लेकर्सविरुद्ध मिळाला. ब्रायंट २६ पैकी ७.

मग आली ऑल-स्टारची मतं. शंभर शॉटमागे पस्तीसेक आत घालणाऱ्या ब्रायंटला सुमारे १८ लाख ९२ हजार मतं पडली, देशभरात सर्वाधिक, ऐन भरातल्या स्टीफन करीपेक्षाही जास्त. हा आकडा साधन म्हणून कसा वाचाल? ‘चाहत्यांना तो सर्वोत्तम वाटत होता’ असं कुणी लिहिलं तर परीक्षक लाल रेघ मारणार. मतदान हा इथे कौल नव्हता, तो आहेर होता. आणि आहेर करणारे बरेचसे बाहेरगावचे होते. बोस्टन किंवा शिकागोच्या माणसाला उदार होणं सोपं होतं, कारण त्याच्या संघाची ड्राफ्ट निवड पणाला लागलेली नव्हती. बिल लॉस एंजेलिसच्या नावाने फाटत होतं. ‘चाहते’ हा शब्द एकवचनी असल्यासारखा वापरू नका, म्हणून सांगते.

जाता जाता व्यवस्थापनाबद्दल थोडं. मालक जेरी बस फेब्रुवारी २०१३ मध्ये वारले. मुलगा जिम बास्केटबॉलचं बघत होता, मुलगी जीनी व्यवसायाचं. शेवटी २०१७ मध्ये जीनीनेच भावाला पदावरून काढलं. करार व्यवस्थापनाने दिला, सही त्यांनी केली, पण भांडणात नाव ब्रायंटचं. निर्णय घेणारा अदृश्य आणि निर्णयाचा लाभार्थी समोर, अशी रचना असली की राग कुठे वळतो ते सांगायला नको.

आता ती बाजूला ठेवलेली रात्र परत घेऊ. १३ एप्रिलच्या त्या विजयाने लॉटरीतलं लेकर्सचं स्थान बदललं नाही. शेवटून दुसरा क्रमांक आधीच पक्का होता. ह्यूस्टन जिंकल्यामुळे युटाचीही प्लेऑफची आशा मावळलेली होती. थोडक्यात, त्या सामन्यावर काहीच अवलंबून नव्हतं. म्हणूनच दोन्ही गटांना एकदम, विनाअट आनंद घेता आला, असं माझं वाचन आहे. वाद तेव्हा सुटला नाही. त्या एका रात्रीपुरता त्याचा खर्च शून्य झाला, एवढंच.

पुढे २६ जानेवारी २०२० ला हेलिकॉप्टर अपघातात ब्रायंट, त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना आणि आणखी सात जण गेले. त्यानंतर बोललेलं, लिहिलेलं सगळं वेगळ्या थरात ठेवावं लागतं. त्या शोकात २०१४ चा पगार कुणी काढला नाही, ते समजण्यासारखं आहे. पण २००३ चं कोलोरॅडोचं प्रकरणही बऱ्याच ठिकाणी गाळलं गेलं. तिथे त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा गुन्हा दाखल झाला होता. तक्रारदार साक्ष द्यायला तयार नसल्याने २००४ मध्ये खटला मागे घेतला गेला आणि २००५ मध्ये दिवाणी दाव्यात तडजोड झाली. मुलाखती घेणाऱ्यांसाठी ही अडचण मोठी आहे. आज तुम्ही एखाद्या चाहत्याला ‘२०१४ मध्ये तुमचं मत काय होतं?’ विचारलंत, तर तो २०१६ आणि २०२० ओलांडूनच मागे बघणार. म्हणून आधी त्या त्या तारखेचं लिखित साधन गोळा करा, मुलाखत नंतर घ्या, आणि दोन्हींत फरक पडला तर मुलाखत खोटी ठरवू नका. तो फरक हाच तुमचा विषय असू शकतो.

हरण्याची प्रार्थना करणाऱ्यांचं पुढे काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. १७ विजयांच्या त्या हंगामामुळे २०१६ मध्ये दुसरी निवड हाती राहिली आणि ब्रँडन इंग्रम आला. २०१९ मध्ये इंग्रम, लॉन्झो बॉल, जॉश हार्ट आणि पुढच्या काही निवडी देऊन लेकर्सने अँथनी डेव्हिसला आणलं. ऑक्टोबर २०२० मध्ये विजेतेपद मिळालं. साखळी जुळते खरी. पण त्याच संघात लेब्रॉन जेम्स होता. तो २०१८ मध्ये स्वतःच्या मर्जीने आला होता, कुठल्याही ड्राफ्ट निवडीच्या बदल्यात नव्हे. लेब्रॉन आला नसता तर डेव्हिसने लेकर्सकडे यायचा हट्ट धरला असता का? आणि लॉस एंजेलिसला ज्या झगमगाटाचा मोह पडतो तो कुणाच्या वीस वर्षांनी तयार केला होता? कारणमीमांसेचा सराव म्हणून हे दोन प्रश्न घ्या आणि एका पानात उत्तर लिहून बघा. ब्रायंटचं नाव पहिल्या परिच्छेदात येतं की शेवटच्या, ते आपण पुढच्या बैठकीत बघू.